दादाचा डोळा स्वच्छ

१२ जानेवारी

नवनीतदादाचा डोळा स्वच्छ! दवाखान्याच्या कॅमेऱ्यावर मीच त्याच्या डोळ्यातल्या पडद्याचे फोटो काढले, पुण्याला पाठवले. उत्तर आलं – खूण नाही, धोका कमी. घरात शिरता शिरताच ओरडून सांगितलं.

आईने देवापुढे दिवा लावला. मग वळून म्हणाली, "म्हंजे खोट शीलाना माहेरनी शे."

खोट वहिनीच्या माहेरची, असं मी म्हटलंच नव्हतं!

१३ जानेवारी

झोप नाही. दादाची गुंजन दोन वर्षांची. दोन्ही डोळ्यांत कॅन्सर. डावा काढला, उजव्यावर पुण्यात उपचार चालू आहेत. दोन्हीकडे असला की मुळात जनुकाचा दोष असतो. तो बहुतेकदा नव्यानेच होतो, पण कधी आईकडून किंवा बापाकडून येतो. दोष असलेल्या मोठ्या माणसाच्या पडद्यावर कधीकधी आपोआप विझलेल्या गाठीचा डाग सापडतो. आमच्या प्रकल्पात पुण्यातला संगणक त्यावरून धोका सांगतो. महागडी रक्ततपासणी परवडत नाही त्यांच्यासाठी एक फोटो – केवढी मोठी गोष्ट! गावोगाव हेच सांगत फिरते मी. घरातली पहिली पदवीधर, म्हणून घरचेही ऐकतात.

पण डाग नाही म्हणजे दोष नाही, असं नसतं. तेवढंच काल आनंदाच्या भरात सांगायचं राहिलं.

२० जानेवारी

शीलावहिनी गुंजनला घेऊन माहेरी गेली. गेली कसली, पाठवली. आईला किती समजावलं – रक्त तपासल्याशिवाय काही कळत नाही गं! तर म्हणे, "तूच सांगं ना, नवनीतना डोया चांगला शे म्हनीसन?" आप्पा म्हणाले, "तुन्हं लगीन व्हई जाऊ दे, मंग दखू." आणि दादा? ढेकळासारखा बसून. बायकोसाठी एक शब्द नाही!

२ फेब्रुवारी

शहाद्याची मंडळी येऊन गेली. मुलगा चेतन, बँकेत आहे. मी पसंत. "सूनबाई दिसत नाहीत?" "तिन्हा भाऊनं लगीन शे," आई म्हणाली. किती सहज खोटं बोलली!

६ फेब्रुवारी

मिरचीचा हंगाम. डोळे चोळत येणारेच जास्त. दुपारी तोरणमाळची एक म्हातारी आली, कॅमेऱ्याजवळ जाईना – यंत्र डोळा ओढून घेतं म्हणे. तिला धीर यावा म्हणून मी स्वतः थेंब घालून बसले. फोटो काढायला रूपसिंग, माझ्याबरोबरचा तंत्रज्ञ. "मॅडम, आजीपेक्षा तुम्हीच जास्त घाबरता! पापणी हलवू नका." म्हातारी खुदकन हसली.

मग रूपसिंगने तोच फोटो पुन्हा काढला आणि संगणक माझ्याकडे वळवला.

माझ्या उजव्या डोळ्याच्या पडद्यावर, अगदी कडेला, राखाडी डाग. मधे चुन्यासारखे पांढरे ठिपके.

७ फेब्रुवारी

रूपसिंगने माझे फोटो पुण्याला पाठवले.

९ फेब्रुवारी

पुण्याचं उत्तर. विझलेली गाठ. मला त्रास होणार नाही बहुधा, पण जनुकात दोष असण्याची शक्यता खूप मोठी. रक्त द्या म्हणतात. पुढे मुलं झाली तर जन्मल्याबरोबर डोळे तपासा.

म्हणजे दोष आमच्याच घरातला. दादा डाग न पडता तो घेऊन फिरत असणार.

सांगितलं तर शहादा गेलं. नाही सांगितलं तर वहिनी गेली.

चेतन फोनवर छान बोलतो. हे का लिहिलं मी?

११ फेब्रुवारी

आईला शेजारी बसवलं. वहिनीला फोन लावला, स्पीकर चालू केला. आईने माझ्याच तोंडून ऐकावं म्हणून. एका दमात बोलून टाकलं – वहिनी, खोट तुमच्याकडची नाही. आमची आहे. माझ्या डोळ्यात दिसली.

तिने तिकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग हळूच –

"ताई, मले माहीत शे. पुण्यामा तुमना दादानं रगत तपासं व्हतं. त्यामाच खोट निंघनी. तुमनं लगीन व्हई जावो म्हनीसन आम्ही दोन्ही गप ऱ्हायनूत. फोटो कोनले दखाडू नका. सासूबाईस्ले तं बिलकुल नका सांगू."

आईने फोनकडे हात नेला. मला वाटलं, बंद करते आहे.

"शीला," ती म्हणाली, "मी आयकी ऱ्हायनू."