एकीची मोटार

९ मे
पक्षातली निवड झाली. काउंटी कमिशनरच्या पदासाठी आमच्यातर्फे ट्रूडी क्लिंगर. वेन्डेल प्रुइट अकरा मतांनी पडला. ट्रूडी माझी सख्खी मेहुणी, वेन्डेल शाळेपासूनचा दोस्त. मी पक्षाचा काउंटी अध्यक्ष, म्हणजे पूर्ण तटस्थ. अंगणातला वेन्डेलच्या प्रचाराचा बोर्ड काढायचा तेवढा राहिलाय.
संकल्प: नोव्हेंबरपर्यंत आपले सगळे मतदार एक.

१२ मे
फायर हॉलमध्ये ऐक्याचा नाश्ता. पॅनकेक उत्तम. भाषणात मी एवढंच म्हणालो की अकरा मतं परत मोजली असती तर काय आभाळ कोसळलं असतं? ट्रूडीच्या माणसानं सिरपचा जग फेकला, वेन्डेलच्या माणसानं खुर्ची. एक नाक, दोन दात. दात कोणाचे ते अजून ठरलेलं नाही. हॉलच लहान होता.

३ जून, सकाळ
आमच्या बोर्डावर कोणीतरी पिकअप घातली. मग मीही ट्रूडीच्या चौदा बोर्डांवर घातली, केवळ बरोबरी व्हावी म्हणून. मार्लीन बॅग भरून बहिणीकडे गेली. बायकोच ती, चिडणारच. ट्रूडी निवडून आली तरच परत येईन म्हणाली. म्हणजे येणार, हे नक्की.

१८ ऑगस्ट, दुपार
आज जत्रेत मोटारींची टक्कर. जुन्या गाड्या एकमेकींवर घालायच्या, शेवटी चालू राहील ती जिंकली. माझी आयडिया: आपल्या दोन्ही गटांची एकेक गाडी, रंग एकच, दोघींनी मिळून विरोधी पक्षाच्या गाडीचा भुगा करायचा. ट्रूडी स्वतः चालवणार. वेन्डेलच्या पाठीत उसण भरलीय, म्हणून त्याची गाडी मी.

त्याच दिवशी, संध्याकाळी सात
विरोधकांच्या गाडीला ओरखडाही नाही. माझा पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून निघेना. ट्रूडीला पाच वेळा ठोकलं. पाचव्यांदा रिव्हर्समध्ये, पण मागचं दिसत नव्हतं. तिचं मनगट मोडलं. माझा रेडिएटर फुटला, त्याचं कोणाला काही नाही.

२० ऑगस्ट
वेन्डेल केक घेऊन ट्रूडीला भेटायला हॉस्पिटलात गेला. दोघंही रडले म्हणे. आता बास झालं, आमची सगळी मतं तुलाच, असं म्हणाला. झाली की एकी! श्रेय कोणी देत नाही ती गोष्ट वेगळी. मला आत सोडलं नाही. गर्दी असावी.

६ नोव्हेंबर
वेन्डेल पहाटेपासून आपल्या माणसांना गाडीत घालून ट्रूडीसाठी मतदानाला आणतोय. मी आत गेलो. तिचं नाव पाहिलं आणि ती अकरा मतं आठवली. हात पुढे जाईना. तेवढा रकाना कोरा ठेवला. राग म्हणून नव्हे, तत्त्व म्हणून. एका मतानं काय होतंय?
घरी येऊन मार्लीनची उशी झटकून ठेवली.

२७ नोव्हेंबर
फेरमोजणी. ट्रूडीला आणि विरोधी पक्षाच्या उमेदवाराला अगदी सारखी मतं. कायद्याप्रमाणे नाणं उडवलं. ट्रूडी हरली.
बाहेर मार्लीननं विचारलं, "हर्ब, तू कोणाला दिलंस?"
मतदान गुप्त असतं, म्हणालो. तिनं पर्स तोंडावर हाणली. ओठाला तीन टाके.
संध्याकाळी येऊन उशी घेऊन गेली.
ते एक मत कोणी दिलं नाही, याची चौकशी समिती नेमतोय. अध्यक्ष मीच.