चाळीस बायका कमी

डॉक्टरसाहेब,

आज सकाळी माझ्यावर झालेल्या अन्यायाची इतिहासाने दखल घ्यायला हवी. केशतेलाच्या कंपनीचा पाहणीवाला आला, माझ्या टकलाकडे बघत सात प्रश्न विचारले, माझा चहा गार केला आणि वर म्हणाला, शेजारी कुलूप आहे, त्यांचीही उत्तरं तुम्हीच सांगा, म्हणजे आकडा पुरा होईल. मी त्याला तुमच्या आवाजात झापलं. तो गेल्यावर मात्र मलाच घरात बसवेना.

आठवली ती दुष्काळाची वर्षं. ऊसतोडीच्या बायकांच्या अंगात रक्त कमी. निम्म्यांना लोहाच्या गोळ्या द्यायच्या, निम्म्यांना नाही, आणि नोंदणीला एकदा, हंगामाअखेर पुन्हा बोट टोचून फरक बघायचा, हे तुमचं खूळ. आकडेमोड करून तुम्ही ठरवलंत, चारशे बायका. मी नोंदणी कारकून, सायकलीने मांड्या भरून आलेला. तीनशेत काय बिघडतं, असं विचारलं, तर चष्मा काढून म्हणालात, "अरे, फरक थोडासाच असणार. बायका कमी पडल्या तर तो असून दिसायचा नाही. दिसला नाही, की वरचे साहेब गोळीच बंद करतील." असल्या हट्टी माणसापायी पुन्हा सायकलीवर टांग मारली.

काष्टी गावात माहेरच्या नावानं टोचलेली बाई कोपरगावला ऊसतोड्यांच्या कोप्यांवर, त्या पाचटाच्या झोपड्यांत, सासरच्या नावानं पुन्हा माझ्या वहीत चढली. तुम्ही पाहणीला आलात आणि तीच हसत म्हणते, "डागदर, कितींदा टोचता? आईकडं हुते तवा ह्याच भाऊनं टोचलं की. आन् गोळ्या कवा देनार?" मी म्हणालो, यांना दोन-दोन नावं, माणसाची फसगत होते. तुम्ही दिवस मावळेपर्यंत एकेकीला माहेर विचारत बसलात. अशा चाळीस निघाल्या. सगळ्यांवर रेघ. तोवर टोळ्या पांगल्या होत्या, नव्या बायका आणायच्या कुठून? अहवालात लिहिलंत: संख्या अपुरी, निष्कर्ष काढता येत नाही, गळती धरून संख्या ठरवली नाही, ही चूक माझी. गोळ्या थांबल्या. मला एका शब्दानं बोलला नाहीत. यापेक्षा दोन थोबाडीत मारायच्या होत्या.

साहेब, फसगत वगैरे काही नव्हती. तिच्या हनुवटीवरचं गोंदण मी पाहताक्षणी ओळखलं होतं. मला फक्त पुढच्या गावाला सायकल मारायची नव्हती.

हे पत्र धाडायला पत्ता नाही. म्हणून दुपारी ग्रंथालयात गेलो आणि तुमचा अहवाल काढून घेतला. पुस्तकांवर लिहू नये, अशी पाटी समोरच होती. 'चूक माझी' मधलं 'माझी' खोडलं आणि वर बारीक अक्षरात लिहिलं: नोंदणी कारकुनाची.