चमचाभर घे आणि खरं बोल

३ मार्च, सोमवार

घशातून निखारा गेला! डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. नात समोर उभी, हातात चमचा – "आजी, कसं आहे?" म्हटलं, "जिवंत आहे मी, एवढंच पुष्कळ."

कॉकटेल म्हणे. मला वाटलं फळांचा रस असेल, वर कागदाची छत्री. तसलं नाही. हे नुसत्या दारूचं. जिन – दिसते पाण्यासारखी, पण पाण्याशी काही नातं नाही. तिच्यात थोडा व्हर्मुथ. म्हणजे झाडपाला घातलेली वाइन. मी त्याला काढा म्हणते. बर्फावर ढवळायचं, गाळायचं, वर संत्र्याची साल पिळायची. संपलं. साखर नाही, रस नाही, लपायला जागाच नाही.

भिंगरी – नातीला मी भिंगरीच म्हणते, एका जागी बसेल तर शपथ – हॉटेलच्या बारमध्ये पेले विसळते. तिथे काउंटरमागची एक जागा रिकामी झालीय. तिथला मुख्य, मोठ्या मिशीवाला, म्हणाला, एकवीस तारखेला स्वतःचं एक पेय करून दाखव. जमलं तर काउंटरमागे, नाही तर पुन्हा बेसिनपाशी. म्हणून घरी तालीम. बापाला काहीही पाजा, "छान" म्हणतो. आई नाक दाबून पळते. उरले मी. "आजी, चमचाभर घे आणि खरं बोल."

खरं बोलायला मला कधी सांगावं लागलंय?

४ मार्च, मंगळवार

आज काढा जास्त. आजारी माणसाची खोली प्यायल्यासारखं वाटलं. तसं सांगितलं. रुसली.

६ मार्च, गुरुवार

रुसवा गेला. नवी युक्ती – संत्र्याची साल आत न टाकता नुसती वरून पिळायची, पेल्याच्या कडेला फिरवायची. हे बरं. वास आधी येतो, दारू मागून.

ढवळते मात्र धुण्याचा साबण कालवल्यासारखी! म्हटलं, "अगं, कुणाशी भांडतेयस? हळू." लांब दांड्याचा चमचा आणलाय त्यासाठी. माझ्या लग्नात एवढा लांब डाव नव्हता.

सूनबाई दारात उभी, पदर नाकाला. "आई, तुमचं बीपी!" म्हटलं, चमचाभराने बीपी वाढत नाही, तुझ्या तोंडाकडे बघून वाढतं. गेली लवंग चघळत. दाढ दुखते म्हणे. दातांच्या डॉक्टरकडे कामाला, रोज तिथेच बसते, आणि दाखवायला वेळ नाही!

९ मार्च, रविवार

जमलं!!

काय सांगू. जिभेवर ठेवलं तर आधी गार, मग संत्रं, मग मागून किंचित कडू, आणि घशाखाली कसं मऊ उतरलं. निखारा नाही, काही नाही. दुसरा चमचा मागितला. भिंगरी ओरडलीच – "आजीने दुसरा मागितला! बाबा, आजीने दुसरा मागितला!" बाबा म्हणाले, "छान."

तिने मापं ठरवून टाकली. आता हात लावायचा नाही म्हणाली. मीही म्हटलं, नको लावू.

१२ मार्च, बुधवार

वाईट झालं.

बार उघडायच्या आधी भिंगरीने मिशीवाल्याला चाखायला दिलं. तीच मापं, त्याच कंपनीची जिन, तोच काढा. एक घोट घेतला आणि खोकत सुटला! म्हणाला, "हे प्यायचं की याने रंग खरवडायचा?" बाकीची पोरं हसली.

घरी आली ती चप्पल भिरकावूनच. लगेच तेच पुन्हा केलं. मी चाखलं. मऊ! रविवारसारखंच, उलट थोडं जास्तच मऊ. "मग तिथे काय होतं?" मला काय विचारतेस बाई.

१४ मार्च, शुक्रवार

बर्फाला दोष देऊन झाला. पेल्यांना देऊन झाला. घरचा बर्फ डब्यात घालून बारमध्ये नेला, तरी तिथे आग ती आगच. आता म्हणते, माझ्या हातातच काही नाही, बेसिन बरं. असलं बोलणं मला चालत नाही. म्हटलं, "रडायचं तर एकवीस तारखेनंतर रड, तोवर ढवळ."

१५ मार्च, शनिवार

आजचा दिवस लिहून ठेवते.

जिन जास्त गार करून बघू म्हणून भिंगरीने बाटली फ्रीझरमध्ये ठेवली. संध्याकाळी काढली तर आत बर्फाचा चुरा! मला वाटलं बरं झालं, वेगळा बर्फ नको. तिचा चेहरा मात्र उतरला. "आजी, चांगली जिन घरच्या फ्रीझरमध्ये गोठत नाही. यात पाणी आहे. खूप पाणी!"

म्हणजे घरी इतके दिवस पाणी घातलेल्या जिनवर मापं ठरवली. बारमधली खरी. मग खोकेल नाही तर काय!

आता बाटलीला कोण हात लावतं? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. चिरंजीव हसायला लागले – "आई, प्यायची होती तर सांगायचंस ना. वर पाणी कशाला भरायचं?"

अंगाचा तिळपापड झाला! म्हटलं, "मला हवी असती तर या टेबलावर बसून मागितली असती. चोरून नळाखाली बाटली धरायला मी काय कुणाला भिते?" कुणाला पटलं नाही. भिंगरीने तर बाटली माझ्यापासून लांब सरकवली, ते जास्त लागलं.

सूनबाई तेवढी पातेलं घासत होती. घासलेलंच पातेलं. आणि कान लालबुंद.

मी पाहिलं. गप्प बसले. मी!

१६ मार्च, रविवार

गच्चीवर कपडे वाळत घालताना गाठलं तिला. "बोल." चिमटे खाली पडले सगळे.

"तुमच्या बीपीसाठी केलं हो, आई. रोज थोडं पाणी घालत होते. तुम्हाला कमी लागावी म्हणून."

"चमचाभर घेते मी! चमच्यातून किती पाणी पाजणार होतीस?"

मग हसू आलं. तिला रडू. "तिला नका ना सांगू. लेक जन्मात बोलायची नाही माझ्याशी. तिची नोकरी गेली तर माझ्यामुळे." तेही खरंच. माय-लेकींचं आधीच दोन वाक्यांपुढे जात नाही.

भिंगरीला सांगून टाकलं – मीच घातलं पाणी, बीपीची भीती वाटली. तिने हातातला चमचा खाली ठेवला. मग म्हणाली, "काल एवढी भांडलीस कशाला मग?" म्हटलं, सवय आहे.

पण एक गोष्ट डोक्यात बसली. चांगलं लागलं ते पाण्यामुळेच ना? मग पाणी घालायचंच, पण आपण ठरवून!

१७ मार्च, सोमवार

सांगितलं तिला. जिन, काढा आणि पाणी, आधीच बाटलीत एकत्र कर. फ्रीझरमध्ये ठेव. पाहुणा आला की ओत. ढवळणं नाही, बर्फ नाही.

"ढवळायचंच नाही? मिशीवाला हाकलेल मला!"

"चाखल्यावर हाकलू दे."

१९ मार्च, बुधवार

पहिली बाटली गोठली. दुसरी पुन्हा रंग खरवडायची. तिसरीत पाणी बरोबर बसलं. ओतली तर धार तेलासारखी जाड, पेल्यावर लगेच दव. चव नवव्या तारखेची, पण धारदार. मी दुसरा चमचा मागितला नाही, पेलाच ओढून घेतला.

२१ मार्च, शुक्रवार

मिशीवाला म्हणाला, "बर्फ कुठाय? चमचा कुठाय?" हिने म्हणे सरळ बाटली काढली, ओतली, साल पिळली. त्याने घोट घेतला. खोकला नाही. पेला पूर्ण संपवला, मिशी पुसली आणि खुंटीवरचा काळा अॅप्रन तिच्या अंगावर फेकला. सोमवारपासून काउंटरमागे!

घरात नुसता दंगा. चिरंजीव "छान" सोडून "फारच छान" म्हणाले. सूनबाईने लेकीला जवळ घेतलं. दोघी बराच वेळ तशाच. मला उगीच चष्मा पुसावा लागला. काचा खरंच मळल्या होत्या.

२३ मार्च, रविवार

दुपारी डुलकी झाली, पाणी प्यायला उठले. बापलेक बाहेर गेलेले. स्वयंपाकघरात फ्रीझरचं दार उघडं आणि सूनबाई पाठमोरी. हातात वाटी, वर संत्र्याची साल पिळलेली. एक घोट. जीभ टाळ्याला लावून विचार. दुसरा घोट. तोंडात लवंग. मग बाटली नळाखाली!

म्हणे माझ्या बीपीसाठी!! आणि या बाईसाठी मी घरात चोर ठरले!

वळली. पांढरीफटक. मग हळूच म्हणाली, "आई, काढा अजून अर्धा चमचा कमी हवा. सालीचा वास दबतोय."

चाखून बघितलं. बरोबर होतं तिचं.

नळ बंद केला. म्हटलं, "वाटी ठेव ती. दोन पेले काढ, बस इथे, आणि आता खरं बोल."