डबल बेल

कसबा बावडा,
सोमवार, १४ ऑक्टोबर २०२४

श्री. जोतीराम चौगुले यांस,

नमस्कार. पत्रात आधी तब्येत विचारायची पद्धत आहे, म्हणून विचारते. बरेच असाल. निलंबित होऊन तीन आठवडे घरी बसलेल्या ड्रायव्हरला काय धाड भरली आहे? खंडेनवमीला तुमच्या गाडीला हार दुसऱ्यानं घातला, तोही वाकडा.

तुम्ही मला आवडत नाही, हे आधीच लिहून ठेवते. पुढचं वाचून गैरसमज नको.

जानेवारीत मंगळवार पेठेच्या स्टॉपवर एका आंधळ्या आजोबांना हात द्यायला मी खाली उतरले आणि तुम्ही बेलशिवाय गाडी काढलीत. कंडक्टर रस्त्यावर, गाडी पुढं. पदर खोचून मी पळत होते आणि मागच्या खिडकीतून लोक दात काढत होते. पुढच्या स्टॉपवर तुम्ही काय म्हणालात? "बेल झाली की, ओ बाई. मी काय मनानंच काढतोय व्हय गाडी?" मी रस्त्यावर असताना दोरी कुणी ओढली, भुतानं?

मी लेखी तक्रार दिली. त्यावर आपले डेपो मॅनेजर विजयसिंह साहेब यांनी शोधलेला तोडगा डेपोच्या भिंतीवर कोरून ठेवावा असा होता. "दोघं बोलत न्हाईत न्हवं? मग घाला कायमचं एकाच गाडीवर. आपोआप मिटतंय." एवढी अक्कल चालवून साहेब चहाला गेले. आठ महिने आपण बेलवरच बोललो.

शेवटी सप्टेंबरात ते शिबिर. पुण्याहून आलेल्या त्या मॅडम आपल्यातला 'संवाद' वाढवायला निघाल्या होत्या आणि त्यांनाच आपण समजावून सांगत होतो की एक बेल म्हणजे थांब, डबल म्हणजे चल. मग एकमेकांबद्दल एक चांगली गोष्ट सांगायचा खेळ. मी म्हणाले, चौगुले गाडी स्वच्छ ठेवतात. खरं तेच सांगितलं. तुम्ही बराच वेळ डोकं खाजवलंत आणि म्हणालात, "बाईंचा आवाज मोठा हाय." अख्खा डेपो हसला. साहेब तर डोळे पुसत होते. बारा वर्षं नोकरी केल्यावर माझ्यात तुम्हाला तेवढंच सापडलं.

त्याच दुपारी आपल्या रोजच्या पॅसेंजर बिबीजान चाची गाडीत चढताना पडल्या.

चौकशीत मी सांगितलं, मी एकच बेल दिली होती, चाची चढत होत्या, ड्रायव्हरनं गाडी काढली. तुम्ही सांगितलंत, "डबल होती." साहेबांनी माझी जुनी तक्रार पुढं सरकवली आणि विचारलं, "जानेवारीत बी अशीच बेलशिवाय काढलीतास न्हवं?"

आठ महिने ज्या उत्तरासाठी मी तडफडत होते, ते तुम्हाला नेमकं तेव्हाच द्यायचं होतं. "व्हय. तवा काढलीती. चूक माझी हाय. पर ह्या वेळेला डबल होती." झालं. साहेबांनी पहिलं वाक्य लिहून घेतलं आणि पेनाला टोपण लावलं. खोटं कधी बोलावं, तेही तुम्हाला कळत नाही. त्या दिवशी मला तुमचा भयंकर राग आला. का आला, ते घरी गेल्यावर कळलं.

काल चाचींना बघायला दवाखान्यात गेले होते. खुब्याचं हाड मोडलंय, काठीशिवाय चालणं होणार नाही. त्यांनी मोसंबी सोलून माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "त्या ड्रायव्हरला सोडू नगंस, बेटी. तू खरं बोललीस म्हणून त्येला घरी बसावं लागलं." मोसंबी मी तशीच पिशवीत टाकली. मला स्वतःची एवढी किळस कधी आली नव्हती, तुमचीही नाही.

त्या दुपारी शिबिरातलं ते हसू माझ्या डोक्यातून जात नव्हतं. स्टॉप आला, मी मागं वळून बघितलं नाही. दोरी ओढली आणि परत ओढली. चाचींचा एक पाय अजून खाली होता. बेल डबल होती.

आज सकाळी हे सगळं लिहून साहेबांच्या टेबलावर ठेवलं. ते म्हणाले, "अवं, मिटत आलंवतं की आता, कशाला उकरताय?" मी पोच घेतल्याशिवाय हलले नाही. त्या कागदाची आणि पोचेची झेरॉक्स सोबत आहे. गुरुवारी तुमच्या नोकरीचा निकाल आहे, तेव्हा घेऊन जा. साहेबांनी कागद हरवला म्हटलं तर ही पुढं करा. उद्या संध्याकाळी चाचींनाही तोंडानं सांगणार आहे. ते लिहिण्यापेक्षा अवघड आहे.

जानेवारीची तक्रार मी मागं घेतलेली नाही आणि घेणारही नाही. ती खरी होती. खोटी होती ती चौकशीतली साक्ष.

तुम्ही कामावर याल. माझ्या जागी दुसरी कुणीतरी येईल. तिला 'ओ बाई' म्हणू नका. नाव विचारा. माझं तुम्ही आठ महिन्यांत एकदाही विचारलं नाहीत, म्हणून खाली पूर्ण लिहिते.

दोनदा दोरी ओढणारी,
क्रांती गणपतराव पोवार