कुसुमांगणात सनई माणसानेच वाजवावी

मी, संभाजी धोंडिबा काळभोर, वय चौऱ्याहत्तर, मूळचा लोणी काळभोरचा, सध्या राहणार वारजे, पुणे, 'कुसुमांगण' मंगल कार्यालयाचा मालक, हे मृत्युपत्र शुद्धीवर असताना आणि राजीखुशीने करून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. तसे प्रयत्न झाले, पण दडपण आणणाऱ्यांना माझ्याच घरी माझाच चहा प्यावा लागत असल्यामुळे त्यात जोर राहिला नाही. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉ. आम्रपाली कांबळे यांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघ्यांचा दाखला त्यांनी दिला नाही, मीही मागितला नाही.

कलम १. राहतं घर, बँकेतल्या ठेवी आणि दागिने पत्नी कुसुम हिला. दागिने मुळात तिचेच आहेत. कायद्याला ते माहीत नसेल म्हणून लिहिलं.

कलम २. माझा पितळी झारा मुलगा केदार याला. सदाशिव पेठेतल्या एका कार्यालयात मी वाढपी म्हणून लागलो, तेव्हापासून तो माझ्याजवळ आहे. तिथे शेवटच्या पंगतीत कोणी 'जिलबी गार आहे हो' असं पुटपुटलं तरी मला आत भटारखान्यात ऐकू यायचं, आणि दुसरं ताट त्यांनी मागायच्या आत पोचायचं. त्या कानांवर मी आधी आचारी झालो, मग मालक. कान मात्र मृत्युपत्राने देता येत नाहीत, असं वकील कल्याणी देव यांनी सांगितलं. केदारच्या दृष्टीने हे नुकसान मोठं आहे, पण त्याला ते ऐकू आलेलं नाही.

कलम ३. कुसुमांगण कार्यालय, जागा व सामानासह, केदारला. पण एका अटीवर.

वकीलबाई म्हणाल्या, "काका, मृत्युपत्रात कारणं लिहीत बसायची नसतात." मी म्हटलं, "कारण न लिहिता अट घातली तर पोरगा म्हणेल, म्हातारा चळला होता. लिहा." त्यांनी लिहिलं.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात नदी काठच्या घरांत शिरली. आपलं कार्यालय उंचावर, म्हणून तिथली कुटुंबं वरच्या हॉलमध्ये आणली. त्यांत सनईवाले अमीन नदाफ आणि त्यांच्याबरोबर चौघडा वाजवणारे राकेश होते. सनया वाहून गेल्या होत्या. चौघड्याची कातडी फुगून फाटली होती. घर धुऊन पुन्हा उभं राहतं. हात रिकामा असेल तर वाजवणाऱ्याचं घर चालत नाही.

मदतीला मात्र तोटा नव्हता. ब्लँकेटं इतकी आली की गाद्या करून झोपता आलं. एका सांस्कृतिक मंडळाने 'पूरग्रस्त कलावंतांसाठी' गाण्याचा जलसा ठेवला. अमीनभाईंना पहिल्या रांगेत बसवलं, शाल-श्रीफळ दिलं. फोटोसाठी हातात वाद्य हवं, आणि सनई तर नदीने नेलेली. म्हणून कोणाची तरी बासरी धरायला दिली. वाजवायला कोणी सांगितलं नाही, त्यामुळे निभावलं. मी संयोजकांना म्हटलं, "यांना दुसरी सनई मागवून द्या, पाच मिनिटं वाजवू द्या की." ते म्हणाले, "काका, कार्यक्रम आधीच लांबलाय. त्यांच्यासाठीच तर चाललाय सगळा!"

पुढच्याच आठवड्यात खाली एक लग्न होतं, काढीव मुहूर्तावरचं. वर आम्ही पूरग्रस्तांबरोबर खिचडी खात बसलो होतो. खालून सनई सुरू झाली. आमच्याकडे तेव्हा ती पेन ड्राइव्हवरून लावत. ही कल्पना माझे मेहुणे अनिरुद्धराव शितोळे यांची. बुकिंग तेच बघतात. अमीनभाईंचा घास हातातच राहिला.

"शेठ, ही माझी आहे."

"खिचडी?"

"सनई. कुठल्या तरी लग्नात कोणी उतरवून घेतली असणार. आणि मागे सूर धरलाय तो आमचा शहेजाद."

शहेजाद त्यांचा धाकटा भाऊ, आता हयात नाही. मी कान देऊन ऐकलं. चढताना श्वास जरासा अडतो, ती लकब अमीनभाईंचीच, पूर्वी कितीतरी लग्नांत ऐकलेली. खाली उतरून मेहुण्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, "मग चांगलंच आहे ना, दाजी! खाली वाजवतायत, वर जेवतायत. दोन्हीकडे सोय."

मी पेन ड्राइव्ह काढून खिशात घातला. लग्नाला सनई राहिली नाही. वरमाय रुसली, तो रुसवा मी आम्रखंडावर मिटवला. वर येऊन म्हटलं, "अमीनभाई, नवी सनई घेऊन देतो."

"नको, शेठ. शाली आहेत, फोटो आहेत, मदत पुष्कळ झाली. मला सुपारी द्या."

आमच्या धंद्यात कार्यक्रम ठरला की वाजवणाऱ्याच्या हातात सुपारी ठेवतात. ती त्याने घेतली की तारीख त्याची. मी तुळशीच्या लग्नापासून पुढच्या सगळ्या मुहूर्तांची सुपारी बयाण्यासकट तिथेच, खिचडीच्या ताटाशेजारी दिली. बयाण्यातून सनया आल्या, चौघडा मढवून झाला. पुढे त्याच वस्तीतले संबळवाले आणि बँडवालेही येऊ लागले. मी मदत केली असं म्हणता येणार नाही. मी फक्त बुकिंग केलं.

पण सुपारी माणसाने माणसाला दिलेली असते. मी गेलो की ती संपली. शिवाय अनिरुद्धराव हल्ली केदारला कोपऱ्यात घेऊन साउंड सिस्टिमचे भाव सांगत असतात. मला ऐकू येत नाही असा दोघांचा समज आहे. केदार म्हणतो, "बाबा, अहो गेस्टना फरकच कळत नाही." मठ्ठ्यात पाणी घातलेलंही पुष्कळांना कळत नाही. म्हणून आपण घालत नाही.

तेव्हा अट अशी: कुसुमांगणात मंगलवाद्य जिवंत माणसाने, तिथे बसून वाजवावं. पहिला हक्क अमीनभाई व त्यांच्या साथीदारांचा, पुढे ते ज्यांना तयार करतील त्यांचा. सुपारी दरवर्षी केदारने स्वतःच्या हाताने द्यावी, माणूस पाठवू नये. पुन्हा नदी चढली तर वरचा हॉल उघडावा आणि ब्लँकेटं यायच्या आत सुपाऱ्या वाटाव्यात. ही अट मोडल्यास कार्यालय माझी मुलगी मैत्री हिला जाईल. तिला ते नको आहे, पण भावाकडून काढून घ्यायला ती आनंदाने येईल.

कलम ४. हे कलम अमीनभाईंचं आहे. मसुदा ऐकून ते म्हणाले, "शेठ, बेसूर वाजलं तर बंद करा, असंही लिहा. नाहीतर ही पण शालच झाली." लिहिलं. सुरांचा निवाडा कुसुमने करावा. ती 'बरं झालं' म्हणाली तर उत्तम झालं असं समजावं. यापेक्षा जास्त मलाही कधी मिळालेलं नाही.

कलम ५. तो पेन ड्राइव्ह अमीनभाईंना. त्यात त्यांचा भाऊ आहे.

कलम ६. अंमलबजावणी वकील कल्याणी देव करतील. माझ्यामागे कार्यालयाचा कारभार आपल्याकडे येईल असं अनिरुद्धराव धरून चालले आहेत. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळायचं असतं त्याला साक्षीदार करत नाहीत, हे वकीलबाईंकडून कळताच मी अनिरुद्धरावांना साक्षीदार म्हणून बोलवायला फोन केला. साक्षीदाराला मजकूर वाचावा लागत नाही, माझी सही होताना पाहिली की पुरतं. ते म्हणाले, "येतो की! पण दाजी, माझ्यासाठी काही ठेवू बिवू नका हं. तुमचा आशीर्वाद पुरे."

त्यांच्या इच्छेचा मान राखला आहे.

सही: संभाजी धोंडिबा काळभोर

आमच्यासमक्ष सही केली, साक्षीदार:
१. अनिरुद्ध शितोळे
२. डॉ. आम्रपाली कांबळे

ठिकाण: वारजे, पुणे
दिनांक: १८ जुलै २०२६