बोर्डावर राहिलेला बिल्ला

बाबा, आज पहाटे तुमच्या नातीला कॅम्पवर सोडलं. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. पंधरा वर्षांची आहे, मराठी सगळं समजतं पण उत्तर इंग्रजीत देते, आणि डोक्यावर हेल्मेट चढवलं की कपाळावरच्या आठ्या थेट तुमच्या. कॅम्प तोच, अल रुवैसच्या अलीकडचा, देशोदेशीच्या स्वयंसेवक पोरांना आग विझवायला शिकवणारा. जर्मनीची मुलं आहेत, नेपाळची आहेत, सगळी आखातातल्या जूनच्या उकाड्याला आपापल्या भाषेत शिव्या घालत असतात. सराव अजूनही उजाडायच्या आत सुरू होतो आणि नऊला खलास. अल रय्यानच्या घरून इथवर यायला सव्वा तास लागतो. मला मात्र चोवीस वर्षं लागली. अजूनही फाटकाच्या आत जाववत नाही, म्हणून बाहेर गाडीत एसी लावून, स्टिअरिंगवर वही टेकवून लिहिते आहे. तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली आहे.

दहाव्या वाढदिवसाला मला घड्याळ हवं होतं. तुम्ही प्लान्टवर फायरमन, तिथल्या वर्कशॉपमध्ये बसून पितळेचा बिल्ला कापून आणलात, त्यावर माझं नाव एकेक अक्षर ठोकून. मी भोकाड पसरलं. आई पोळ्या लाटत होती, ती म्हणाली, “अहो, पोरीचा वाढदिवस आहे. हे काय आणलंत?” तुम्ही मला उचलून ओट्यावर बसवलंत, शेजारी गरम पोळ्यांचा डबा, आणि समजावलंत. धुरात शिरताना आपला बिल्ला बोर्डावर लावायचा, बाहेर आलं की आपल्या हाताने काढून घ्यायचा. बोर्डावर बिल्ला आहे तोवर माणूस आत आहे. “कोन काय सांगतो ते ऐकायचं न्हाय, बाय. बोर्ड सांगल तेच खरं.” मग दाराशी तीन खिळे ठोकलेत. घरात आलं की बिल्ला खिळ्याला, बाहेर निघालं की खिशात. आई म्हणायची, हे घर आहे की फायर स्टेशन? पण तिचाही बिल्ला तिसऱ्या खिळ्याला असायचाच. शाळेतून आले की मी आधी तुमचा खिळा बघायची. तो रिकामा असला की घर मला आवडायचं नाही.

मी सोळा वर्षांची असताना प्लान्टने तुम्हाला या कॅम्पवर शिकवायला पाठवलं आणि तुम्ही माझंही नाव घातलंत. मी हवेत होते. पहिल्या फेरीत त्या धूर भरलेल्या कंटेनरमधून चाचपडत बाहेर आले, इतकी खूश की थेट पाण्याकडे पळाले. बिल्ला बोर्डावरच राहिला. तुम्ही चाळीस पोरांसमोर मला परत बोलावलंत. आधी इंग्रजीत, सगळ्यांना कळावं म्हणून, आणि मग आपल्या बोलीत, मला लागावं म्हणून. “तू भायेर नि बिल्ला बोर्डावर, तर माझ्यासाठी तू आतच हायस. मी आत जाईन. कलतंय का तुला?” बिल्ला हातात धरून मला बोर्डाशेजारी उभं केलंत, बाकी सगळ्यांची फेरी संपेपर्यंत. एक मुलगा माझ्या उभं राहण्याची नक्कल करून इतरांना हसवत होता. तुम्हाला ते दिसलं नसेल. मला तेवढंच दिसत होतं.

दुसऱ्या फेरीचं मी सगळ्यांना जे सांगितलं, ते आधी लिहिते. मी बाहेर आले, घेरी आल्यासारखं झालं, कॅम्पच्या बसमध्ये जाऊन बसले आणि डोळा लागला. बिल्ला काढायचं विसरले. बोर्डावर लक्ष ठेवायला तुमचे एक केरळचे मित्र होते. त्याच वेळी एका मुलाला ओकारी झाली म्हणून त्याला सांभाळायला त्यांनी पाठ फिरवली होती. फेरी संपली तेव्हा बोर्डावर एकच बिल्ला उरला होता, माझा. त्यांनी धूर बंद करायला सांगितला, पण धूर निघून जायला वेळ लागतो, आणि तुम्हाला थांबायचं नव्हतं. तुम्ही स्वतःचा बिल्ला माझ्या शेजारी लावलात आणि आत गेलात. दोनदा बाहेर आलात, दोनदा परत गेलात. उन्हात भट्टी झालेला पत्र्याचा डबा तो, अंगावर सगळा जामानिमा, गुडघ्यांवर रांगत कोपरा न् कोपरा शोधत होतात. तिसऱ्यांदा तुम्हाला बाहेर आणावं लागलं. हॉस्पिटलने लिहून दिलं, हृदय बंद पडलं.

दोन्ही बिल्ले आईला एका पाकिटातून मिळाले. तिने ते खिळ्यांना लावले, आधी तुमचा, मग माझा, आणि मला म्हणाली, “पोर दमली होती, झोपली. तुझी काय चूक?” त्यापेक्षा तिने मला झोडपून काढलं असतं तर बरं झालं असतं. तुमच्या त्या मित्रांना प्लान्टने मायदेशी पाठवलं. दरवर्षी त्या दिवशी त्यांचा फोन यायचा. आई स्पीकर लावायची आणि ते रडत म्हणायचे, “भाभी, मेरी गलती थी. मुझे देखना चाहिए था.” मी उठून आतल्या खोलीत जायची. आता त्यांचे फोन येत नाहीत. आईही गेल्या वर्षी गेली. तिलाही मी काही सांगितलं नाही.

कॅम्पच्या पहिल्या दिवशी मुलांना आता तुमची गोष्ट सांगतात. बिल्ला विसरलेल्या मुलीसाठी तीनदा आत गेलेला माणूस. त्या दिवशी लेक कॅम्पच्या बसने घरी आली ती ताठ मानेने. “आई, दॅट वॉज आजोबा, राइट? अँड यू जस्ट फरगॉट?” मी भाजी परतत होते. म्हटलं, “हो गं, विसरले.” तिने मागून येऊन मला मिठी मारली.

इथवर लिहिलं आणि फाटक उघडलं. पोरं बाहेर येताहेत, लाल तोंडं, घामाने चिकटलेले केस. ती धावत आली आणि काचेवर टकटक केली. आता बिल्ले प्लास्टिकचे असतात, पिवळे. तिने मूठ उघडून माझ्यासमोर धरली. “सी, आई? आय डिडन्ट फरगेट.”

मी तिला शाब्बास म्हटलं, पाण्याची बाटली दिली. मैत्रिणींचा निरोप घ्यायला ती परत पळाली आहे, तेवढ्यात लिहिते.

मीही विसरले नव्हते, बाबा. मला झोप लागली नव्हती. बोर्डासमोरून जाताना माझा बिल्ला मी पाहिला आणि मुद्दाम तिथेच ठेवला. बसच्या खिडकीतून मला सगळं दिसत होतं. तुम्ही “बाय, बाय गो” म्हणून हाका मारत होतात, त्या काचेतूनही ऐकू येत होत्या. दुसऱ्यांदा बाहेर आलात तेव्हा गुडघ्यांवर हात टेकून वाकून उभे होतात. मी उठले होते. बसच्या पायरीपर्यंत आलेही होते. मग तो नक्कल करणारा मुलगा आठवला आणि मनात म्हटलं, अजून दोन मिनिटं शोधू दे. मला चाळीस पोरांसमोर उभं केलंत ना, आता तुम्हीही घाबरा थोडे. तुम्ही पुन्हा आत गेलात. मी परत येऊन खिडकीशी बसले.

लेक येते आहे. “यल्ला, आई!” चल लवकर, असं लांबूनच ओरडते आहे. ती शेजारी बसेल आणि विचारेल, काय लिहितेस. मी वही मिटणार नाही, उघडीच ठेवीन. तिला मराठी वाचता येत नाही, आणि हे मी मराठीत लिहिलं ते त्याच भरवशावर.