सहा महिन्यांची पॉलिसी

व्हँकुव्हर

चि. उल्का,

काल रविकांतरावांनी पर्थहून फोन करून जाईला 'बेजबाबदार' म्हटलं. माझ्या घरात, माझ्या भाचीला! पोरगी दोन वर्षांच्या वर्किंग हॉलिडेवर आली आणि विमानतळावर तिच्या हातात सहाच महिन्यांचं परमिट पडलं, हे खरं. इथे आरोग्यविमा जितका, परमिट तितकंच, आणि नंतर ते वाढवून मिळत नाही. तिचा विमा सहा महिन्यांचा होता. पण तो तेवढाच का होता, हे विचारलंत कुणी?

मी कॉलेज पाहिलेलं नाही, तरी इथल्या निम्म्या मराठी मंडळींचे फॉर्म मीच भरतो. त्या पॉलिसीची बेचाळीस पानं मी शब्दन् शब्द वाचली होती. ती निघण्याआधी मीच जाईला फोनवर म्हणालो, "आजीचाही सहा महिन्यांचाच काढला होता, मग एक्स्टेंड केला. तसंच कर."

"मामा, आर यू शुअर?"

"मला विचारतेस?"

आई पाहुणी म्हणून आली होती, जाई कामाला. परमिटच्या नियमांचं एकच पान होतं, ते मी उघडलंसुद्धा नाही.

काल तिचा बाप स्पीकरवर ओरडत होता आणि मी समोर बसलो होतो. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "सॉरी बाबा, माय मिस्टेक."

सहा महिने संपत आले, मंगळवारी तिची परतीची फ्लाइट आहे. हे पत्र मी तिसऱ्यांदा शुद्ध करून लिहितो आहे. आधीची दोन ड्रॉवरमध्ये आहेत.

तुझा,
दादा